कॅनचं झाकण

सकाळी भरून गेलेला दुधाचा कॅन भरलेलाच परत आला. अत्तरवाला रात्रपाळी संपवून नुकताच घरी आला होता आणि ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. धाकट्या भावाने मोटरसायकल अंगणात उभी केली, कॅन उतरवला आणि अंगणाच्या कडेच्या नालीशी नेऊन आडवा केला. दूध भसाभसा वाहू लागलं. त्याची बायको, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन तशीच उभी राहिली.

"अरे, काय करतोस हे?" आई आतून धावत आली.

"डेअरीवाल्याने घेतलं नाही."

"का पण?"

"वास येतो म्हणाला. झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि परत लावून टाकलं. सगळी रांग बघत होती. वर विचारतो, गाईंना सडकी अंडी घालता काय खायला? लोक हसले."

आईने कॅनचं झाकण उचललं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग तिने ते धाकटीला दिलं. धाकटीने हुंगून सांगितलं की पहाटे धार काढतानाही तिला तसं वाटलं होतं, पण म्हटलं भास असेल. तिच्याकडून झाकण थोरलीकडे, म्हणजे अत्तरवाल्याच्या बायकोकडे गेलं. तिने हुंगलं आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. ओट्यावरून अत्तरवाल्याने हात पुढे केला.

"तुला काय कळणार त्यातलं?" धाकटा म्हणाला.

तरी त्याने झाकण मागून घेतलं. नाकाशी धरून मोठा श्वास घेतला. दगड हुंगावा तसं झालं. "मला तर काही येत नाही," तो म्हणाला.

"तुझ्या नाकाला कोण विचारतंय," आई म्हणाली आणि झाकण घासायला घेऊन गेली.

अत्तरवाला हे नाव गावाने ठेवलेलं. तो लगद्याच्या गिरणीत होता. तिथे लाकडाच्या चिपा औषधात शिजवायच्या, त्यांचा लगदा करायचा, आणि त्या शिजवण्यातून जी वाफ उठते ती थंड करून तिचं पाणी करायचं. कागदोपत्री त्याला कंडेन्सेट म्हणत असले तरी गिरणीत सगळे त्याला घाणपाणीच म्हणत. दिसायला नितळ, पण सडक्या अंड्यांचा आणि कुजक्या कोबीचा वास एकत्र केला तर कमी पडेल असं ते पाणी. पूर्वी ते उघड्या नाल्याने सोडून देत, आणि सगळी पंचक्रोशी त्या वासात राहायची. पाहुणा आला तर जेवायला थांबत नसे. शाळेच्या खिडक्या ऐन उन्हाळ्यात बंद असत. डेअरीची गाडी तर गावाच्या वेशीवरूनच वळायची, कारण दूध वास ओढून घेतं.

मग गिरणीने टॉवर बसवला. घाणपाणी वरून सोडायचं, खालून वाफ सोडायची. पाणी एकेका ताटावरून उतरत खाली येतं, वाफ त्याच्यातला वास ओढून वर नेते, आणि तो वास बॉयलरमध्ये जाऊन जळतो. खाली निघालेलं पाणी लगदा धुवायला पुन्हा वापरायचं. त्या टॉवरवर अत्तरवाल्याला नेमलं आणि बघता बघता गावाची हवा मोकळी झाली. त्याची छाती तेव्हा फुगली होती. त्यानेच भावाला गाई घ्यायला लावल्या. धाकटा का कू करत होता, तर हा म्हणाला होता, "टॉवर मी चालवतो ना? वासाची जबाबदारी माझी. तू बिनधास्त घे."

आज ते वाक्य धाकट्याने काढलं नाही. रिकामा कॅन तेवढा त्याच्यासमोर आणून ठेवला.

"आणखी एकदा असं झालं तर आपलं दूध कायमचं बंद, असं सांगितलंय," तो म्हणाला. "पाच गाई आहेत, दादा. रोज नालीला पाजू का?"

"टॉवर नीट चाललाय. मी आत्ताच बघून आलो."

"मग वास काय माझ्या गोठ्यातून येतो?"

त्या दिवशी अत्तरवाला झोपलाच नाही. पडला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा पडला. पत्रा तापून कडकड वाजत होता. मधेच उठून तो गोठ्यात गेला, दावणीतलं गवत उचलून हुंगलं, गाईच्या पाठीला नाक लावलं. गाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कुठूनच काही येईना. आणि खरी गोष्ट अशी की गेल्या वर्षापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. चहाचा नाही, साबणाचा नाही, उतू गेलेल्या दुधाचाही नाही. घरच्यांना वाटे, सवयीने त्याला गिरणीचा वास कळत नाही. नाक पार गेलंय हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. वास न येणाऱ्याने टॉवरवर काम करू नये असं तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं, आणि टॉवर त्याला सोडायचा नव्हता.

संध्याकाळी तो पाळीच्या वेळेआधीच गिरणीत पोचला. शिडी चढला, काटे पाहिले. वाफेचा काटा जागेवर, पाण्याचा जागेवर. बॉयलरवाल्याला विचारलं, वायू नीट जळतोय ना? त्याने अंगठा वर केला. अत्तरवाला खाली उतरला, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. पुन्हा वर चढला. हातमोजा काढून गरम पाइपला बोट लावलं आणि भाजून घेतलं. त्याचा मदतनीस, दिवसभर तोंडात लवंग धरून असणारा म्हणून ज्याला लवंग्या म्हणत, खाली खुर्चीवर बसून बघत होता.

"आज काय मुंग्या चावतायत का?" त्याने विचारलं. "बूड टेका की जरा."

बूड टेकत नव्हतं खरं. टॉवरला येणारं पाणी सर्वांत घाण. त्याहून जरा बरं असलेलं घाणपाणी टॉवरला झेपत नाही म्हणून बंद पाइपाने मागच्या तळ्यात जातं. तिथे मोठे पंखे पाणी घुसळत असतात आणि पाण्यातले किडे ती घाण खातात. नियम एकच होता. पाइपाचं तोंड पाण्याखाली बुडलेलं पाहिजे. उघडं पडलं तर ते गरम पाणी हवेत पडतं आणि सगळा वास वाऱ्यावर सुटतो. तळ्यात एक काठी रोवून तिला लाल पट्टा मारलेला होता. टॉवरवाल्याने रोज बांधावर जाऊन पाणी पट्ट्याच्या वर आहे ना ते बघायचं.

अत्तरवाला उन्हाळा लागल्यापासून बांधावर गेलाच नव्हता. टॉवरच्या माचीवरून तळ्याकडे एक नजर टाकायची, पाणी चमकताना दिसलं की झालं. कारण बांधावर जायचं तर लवंग्या बरोबर येणार, नियमच होता दोघांनी जायचा. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साफ होऊन साठतं, तिथे कुंपणाच्या तारेखालून एक काळा पाइप बाहेर गेलेला होता. धाकट्याचं गवत पाण्यावाचून करपायला लागलं तेव्हा अत्तरवाल्यानेच पान्याने तार सैल केली होती आणि भावाच्या पंपाचा पाइप आत सोडून वर लव्हाळी ओढली होती. एवढं मोठं तळं, एवढासा पंप. कोणाच्या बापाचं काय जातं, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशीचं दूध डेअरीवाल्याने नाक मुरडत का होईना घेतलं. वारा होता. पण घरात एक नवीच रीत सुरू झाली. कॅन भरला की झाकण आधी आईकडे, मग धाकटीकडे, मग थोरलीकडे. तिघींनी मान हलवली की मगच धाकटा किक मारायचा. झाकण अत्तरवाल्याच्या पुढून जायचं, पण त्याच्याकडे कोणी करायचं नाही. आपल्याच घरात आपण खुंटीसारखे उभे आहोत असं त्याला वाटे.

चौथ्या दिवशी वारा पडला. दुपारपासून झाडाचं पान हलेना. आईने खिडकी लावून घेतली, धाकटीने नाकाला पदर बांधून गोठा झाडला. संध्याकाळच्या धारेला अजून अवकाश होता. आता जर दुधात वास उतरला तर सकाळी डेअरीचं दार कायमचं बंद. धाकटा गोठ्यात एका गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता.

अत्तरवाल्याने बायकोला मागच्या दाराशी बोलावलं.

"चप्पल घाल. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"वास कुठून येतो ते बघायला."

"मग तुम्हीच बघा की. माझी भांडी पडलीत."

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मला येत नाही."

"वास? ते माहीत आहे."

"कशाचाच येत नाही. वर्ष झालं असेल. परवा तू दूध जाळलंस, ते मला धूर दिसला तेव्हा कळलं."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने हात पदराला पुसले आणि चप्पल पायात सरकवली.

पुढे ती, मागे तो. शेताच्या बांधावरून चालताना ती थांबायची, मान इकडेतिकडे करायची आणि बोटाने दाखवायची. "इकडे नाही. इकडे थोडा आहे." घामाने तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. त्याला वाटलं होतं ती टॉवरकडे वळेल. वळली असती तर बरं झालं असतं, टॉवर त्याला दुरुस्त करता आला असता. पण ओढ्याशी आल्यावर तिने डावीकडे, तळ्याच्या बाजूला बोट केलं.

"इथे खूप आहे," ती पदर नाकाशी धरून म्हणाली. "डोळे चुरचुरतात माझे. तुम्हाला खरंच काही नाही?"

"नाही."

तारेशी येऊन त्याने लव्हाळी बाजूला केली. तळ्याचं पाणी खूप खाली गेलं होतं. काठाचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. लाल पट्टा काठीवर कोरडा ठणठणीत होता. आणि समोरच्या काठाला पाइपाचं तोंड पाण्याच्या वर वीतभर उघडं पडलं होतं. त्यातून गरम पाणी पडत होतं आणि पडताना वाफाळत होतं. ती वाफ वर जात नव्हती, पाण्यालगत पसरून गावाकडे सरकत होती. त्यांच्या पायाशी तारेखालून काळा पाइप गेला होता आणि त्याच्यात पाणी चढताना गुळगुळ आवाज येत होता.

बायकोने तो पाइप पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"हा आपला?"

"हो."

"तुम्ही टाकलात?"

"हो."

"म्हणजे ते गवत पिकवायला तळं उपसलं, आणि त्याच्याच वासाने त्या गवताचं दूध नालीत गेलं." ती एवढंच म्हणाली आणि परत फिरली.

धाकटा धार काढायला बसला होता. अत्तरवाला गोठ्याच्या दारात उभा राहूनच बोलला.

"पंप बंद कर."

"का?"

"तळ्याचं पाणी उतरलंय. पाइपाचं तोंड उघडं पडलंय. वास तिथूनच येतो."

धाकट्याने सडावरचे हात थांबवले नाहीत. "एवढ्याशा पंपाने तळं उतरतं होय? ऊन काय थोडं आहे? आणि गिरणीनेच पाणी कमी सोडलंय, तूच म्हणालास मागे."

"ऊन आहे. गिरणीनेही कमी केलंय. पण शेवटची वीत आपली आहे."

"शेवटची वीत म्हणे. तू मोजायला गेला होतास का तेव्हा?"

"जायला पाहिजे होतं. नाही गेलो."

"मग आता मला काय सांगतोस?" धाकटा उठला. बादली बाजूला ठेवली, तिच्यात दूध हिंदकळलं. "पंप बंद केला तर आठ दिवसांत गवत वाळेल. गवत वाळलं तर ह्यांना काय घालू, तुझा कागद? घाण करायची गिरणीने आणि गाई विकायच्या मी. तू माझ्याकडून बोलतोस की त्यांच्याकडून?"

"मी कोणाकडून बोलत नाही. पंप चालला तरी दूध जातंय आणि नाही चालला तरी गवत जातंय. गवताचं काही करता येईल, दूध एकदा बंद झालं की झालं."

"तुझ्या शब्दावर घेतल्या मी ह्या."

"माहीत आहे."

"त्या पाइपाला हात लावलास तर मला भाऊ म्हणू नकोस."

धाकटी गाईच्या पलीकडे उभी होती. ती नवऱ्याला काही बोलायला गेली, पण तो बादली उचलून बाहेर पडला होता. अत्तरवाला दारातून बाजूला झाला, त्याला वाट द्यायला. त्याला फार वाटलं की भावाचा दंड धरावा आणि खाली बसवावं, लहानपणी बसवायचा तसं. हात उचलला गेला नाही.

पाळीला अजून वेळ होता, तरी तो तसाच गिरणीत गेला. दिवसपाळीचे साहेब निघण्याच्या तयारीत होते. साहेब म्हणजे आडव्या बांध्याचा, सदा चष्मा पुसत राहणारा माणूस. सगळं आयुष्य गिरणीत काढलेलं.

"साहेब, तळ्यातल्या पाइपाचं तोंड उघडं पडलंय. वास गावात जातोय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. चला, दाखवतो."

लवंग्याही मागोमाग आला. तिघं बांधावर जाऊन उभे राहिले. उन्हं कलली होती, पण चिखल अजून भाजत होता. साहेबांनी नाक वर करून दोन-चार श्वास घेतले.

"कुठे आहे वास? मला तर काही येत नाही."

"मलाही नाही," लवंग्या म्हणाला. "लवंग थुंकून बघितली."

अत्तरवाल्यानेही हुंगून पाहिलं, उगाच. तिघे तीन बगळ्यांसारखे माना वर करून उभे होते आणि तिघांनाही काही येत नव्हतं. इतक्यात तारेपलीकडच्या पायवाटेने एक माणूस सायकलवरून आला. त्याने एका हाताने नाकाला रुमाल दाबून धरला होता. ह्या तिघांकडे त्याने असं पाहिलं की वेडेच आहेत, आणि जोरात पायडल मारत निघून गेला. साहेब तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मास्क लावा आधी सगळे," ते म्हणाले. "नाकाला कळत नाही म्हणजे ते नाही असं थोडंच आहे." काठीकडे बघत ते पुढे चालू लागले. "इतकं कसं उतरलं पण? ऊन धरलं तरी इतकं नाही उतरायचं."

बांधाच्या कोपऱ्यावर ते थांबले. लव्हाळी अत्तरवाल्याने दुपारी बाजूला केली होती, ती परत ओढायची राहून गेली होती. काळा पाइप उघडा पडला होता. आत पाणी चढत होतं. धाकट्याने पंप बंद केला नव्हता.

"हा कोणाचा?"

लवंग्याने मान हलवली. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत नाही, एवढं म्हणणं अत्तरवाल्याला सोपं होतं. मग साहेब पाइपाच्या मागे माणूस धाडणार, तो सरळ धाकट्याच्या शेतात जाणार. धाकट्याला चोर ठरवणार आणि गिरणीच्या फाटकाशी उभा करणार. डेअरीच्या रांगेत लोक हसले होते तसेच तिथेही हसणार.

"माझा," अत्तरवाला म्हणाला.

"तुमचा? तुम्हाला शेती आहे?"

"भावाची आहे. पाइप मी टाकला. तार मी सैल केली. त्याने पंप लावला, पण जागा मी दाखवली."

"आणि काठी बघायला रोज कोण येत होतं?"

"मीच यायचं. आलो नाही."

साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला, आधी पुसलेलाच. ते रागावले असते तर अत्तरवाल्याला जरा बरं वाटलं असतं. ते दमल्यासारखे दिसले. "टॉवर बसला तेव्हापासून तुम्ही आहात," ते म्हणाले. "मी तर निर्धास्त होतो." मग म्हणाले, "टॉवरवर नको आता तुम्ही. लाकडाच्या यार्डात बघू."

लवंग्या जमिनीकडे बघत राहिला. अत्तरवाला खाली वाकला, पाइप दोन्ही हातांनी धरला आणि तळ्यातून ओढून काढला. त्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. पाइपाने हवा ओढली आणि शेतातला पंप दुरूनच कण्हल्यासारखा ओरडून बंद पडला. धाकट्याला तो आवाज घरी ऐकू गेला असणार हे त्याला माहीत होतं.

त्या रात्रीपासूनच घाणपाणी अडवून धरलं, गिरणी हळू केली. सकाळी त्या उघड्या तोंडाला वाकवलेला नळ जोडून तो पार तळाशी न्यायचं ठरलं. अत्तरवाल्याने मागून घेऊन ते काम केलं. तोंडाला मास्क, कमरेइतका चिखल, खांद्यावर नळाचं वजन. लवंग्या काठावरून पाना फिरवत होता. नळ तळाशी बसला, त्याच्यावर दगडी वजनं टाकली आणि व्हॉल्व उघडला. पाणी आतल्या आत गेलं, वर नुसती हलकी खळबळ दिसली. अत्तरवाला तिथे उभा राहून बघत होता. वास गेला की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने ते संध्याकाळी बायकोला विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "आईंनी खिडकी उघडलीय."

घाणपाणी रात्रीच अडवलं होतं म्हणून वाचलं, डेअरीवाल्याने सकाळचं दूध घेतलं होतं. त्यानंतरही घेत राहिला. पण गवत सांगितल्याप्रमाणे आठ दिवसांत पिवळं पडलं. धाकट्याने दोन गाई विकल्या. त्यातली एक पहिलारू होती, गाडीत चढेना, तिला मागून लोटावं लागलं. अत्तरवाला मदतीला पुढे झाला तेव्हा धाकट्याने दुसऱ्याच माणसाला हाक मारली. त्या दिवसापासून तो थोरल्याशी बोलेनासा झाला. काही सांगायचं असलं तर आईकडे बघून सांगायचा. गावातही अत्तरवाला नाव तसंच राहिलं, फक्त आता ते घेताना लोक हसत नव्हते. पाइपाची गोष्ट सगळीकडे पसरली होती आणि त्यात भर घालायला कोणी कमी केलं नव्हतं.

यार्डातलं काम अंगमेहनतीचं होतं. ओंडके उतरवायचे, आकड्याने ओढून सरकत्या पट्ट्यावर लोटायचे, सालं गोळा करायची. टॉवरवर नजर गेली की त्याला चुटपुट लागायची. वाफेचा आवाज जरा बदलला की मान आपोआप वर व्हायची. माचीवर आता लवंग्या असायचा. तो रोज काम संपलं की बांधावर जायचा, आणि परत येताना यार्डाजवळून जात हात वर करायचा, पट्टा बुडालेला आहे म्हणून.

पाऊस होऊन गेल्यावर कधीतरी, एक ओला ओंडका फाडताना अत्तरवाल्याच्या नाकात काहीतरी तिखट शिरलं. तो थांबला. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा वाकून लाकडाशी तोंड नेलं. लाकडाच्या चिकाचा वास होता. हे डोक्यातलंच काहीतरी असेल म्हणून त्याने ते कोणाला सांगितलं नाही. मग दोन दिवसांनी स्वतःच्या घामाचा आला, मग साबणाचा. मधेच जायचा, दिवसदिवस यायचा नाही, आणि तो सैरभैर होऊन दिसेल ते हुंगत सुटायचा.

एका सुट्टीच्या सकाळी सदरा शोधताना त्याने दारामागच्या खुंटीवर हात घातला. टॉवरवरचा जुना गणवेश अजून तिथेच होता. तो काढून त्याने सहज नाकाशी नेला आणि त्याला भडभडून आलं. तो बाहेर धावला आणि ओट्याच्या खांबाला धरून वाकला. बायको पाणी घेऊन आली.

"काय झालं?"

"ते कपडे..." त्याने तोंड पुसलं. "असा वास यायचा मला? रोज?"

"रोज नाही. सुट्टीच्या दिवशी जरा कमी असायचा."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करणार होते? तुम्ही नोकरी सोडणार होतात की मी अंगणात झोपणार होते?" ती तांब्या पुढे करून म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे येतो तुम्हाला? खरं सांगा."

त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, त्याने ते चूळ भरण्याच्या निमित्ताने धुतले. बायको आत गेली आणि गणवेश उचलून मागच्या दाराने बाहेर टाकून आली.

अंगणात तोवर कॅन भरून झाला होता. तीन गाईंचं दूध, कॅन वरून थोडा मोकळाच. झाकण आईकडे गेलं, आईने मान हलवली. धाकटीने हलवली. थोरली पुढे आली, पण तिने झाकण घेतलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांना येतो आता."

धाकटा कॅनशी वाकलेला होता, तसाच राहिला. ओट्यावरून अत्तरवाला उतरला नाही. आपण होऊन हात पुढे करायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, एकदा करून झाला होता. आई एकाकडे बघत होती, मग दुसऱ्याकडे. गोठ्यात एक गाय खुंट्याला शिंग घासत होती.

धाकट्याने झाकण उचललं. अंगण ओलांडून आला आणि थोरल्याच्या पुढे धरलं. नजर दुसरीकडेच होती.

अत्तरवाल्याने वाकून हुंगलं. सावकाश, डोळे मिटून. एकदा हुंगून झालं, पुन्हा हुंगलं. धाकट्याला राहवेना.

"काय येतंय?"

"दूध," अत्तरवाला म्हणाला. "आणि तुझ्या बोटांचं शेण. हात धुवत जा."

धाकट्याने बोटं विजारीला पुसली. झाकण कॅनवर ठेवून त्याने तळहाताने दाबून बसवलं. मग मोटरसायकलकडे जाता जाता, आईकडे न बघता, तो म्हणाला, "एका बाजूने धर."

अत्तरवाला अनवाणीच ओट्यावरून उतरला आणि त्याने कॅनची कडी धरली.